पुरे म्हणजे पुरे

वाजंत्रीताईंना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. शाळेतल्या मीटिंगला सगळे बसले की टेबलाखाली त्यांचा गुडघा सुरू व्हायचा, मग टेबलावर बोटं, मग पेनाचं टोपण. मुख्याध्यापिकाबाई बोलता बोलता थांबायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं होऊ दे आधी, मग मी पुढे जाते." ताई ओशाळून हात मांडीखाली दाबून बसायच्या, की लगेच टाच जमिनीवर ठेका धरायची. नवरा म्हणायचा, तू झोपेतसुद्धा उशी वाजवतेस. वाजंत्रीताई हे नाव शाळेच्या शिपायाने ठेवलेलं. ते मुलांनी उचललं, पालकांनी उचललं, आणि पगाराच्या कागदाखेरीज त्यांचं खरं नाव कुठे उरलं नाही.

शाळा वेगळ्या मुलांची होती. कुणाला बोलता येत नव्हतं, कुणाचं बोलणं तुटक तुटक यायचं, कुणाला गोंगाट सोसायचा नाही आणि अगदीच असह्य झाला की ते पोर भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत ताई एकेकाला घेऊन बसत. बसत म्हणजे, मुलं बसत. खोलीच्या भिंतींना आवाज दबावा म्हणून जुने गालिचे ठोकलेले, कोपऱ्यात डफ, ड्रम, खुळखुळे, काडीने वाजवायचा झायलोफोन, एक गिटार. नवे पालक आले की हमखास विचारायचे, "आमच्या मुलाला गाणं कधी येईल?" ताई सांगायच्या, "गाणं नाही आलं तरी चालेल. मला हवंय, मला नकोय, मला राग आलाय, मला जरा एकटं सोडा, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. आणि राग आला तर तो स्वतःच्या अंगावर न काढता दुसरीकडे कुठेतरी ठेवता आला पाहिजे. तोंडाने नाही जमत ना, मग हाताने जमवू."

या मुलांत एक तेरा वर्षांची मुलगी होती. हात पाठीमागे बांधून ती व्हरांड्यातून अशी चालायची की तपासणीला कुणी मोठा अधिकारी आलाय असं वाटावं. प्रत्येक वर्गात डोकावायची, आत काय चाललंय ते बघायची, आणि हे काही खरं नाही अशा अर्थाने मान हलवून पुढे जायची. म्हणून ती बाईसाहेब. तिला बोललेलं सगळं कळायचं. बोलता मात्र एक शब्द येत नव्हता. नाकातून गुणगुणायची तेवढंच. आणि मनासारखं झालं नाही, किंवा सगळं एकदम अंगावर आलं, की ती स्वतःचं मनगट चावायची. तिथली कातडी जाड आणि काळी पडली होती.

ताईंनी तिच्यासाठी डफावर दोन शब्द बसवले. दोन थापा म्हणजे पुरे. तीन थापा म्हणजे आणखी. पु-रे, आ-ण-खी. जितकी अक्षरं तितक्या थापा. यात काही मोठी विद्वत्ता नव्हती. अवघड होतं ते पुढचं. बाईसाहेबांच्या दोन थापा पडल्या की ताईंनी थांबायचं. तिथल्या तिथे. गाणं रंगात आलेलं असो, तोंडातला शब्द अर्धा असो. ज्या बाईचं एक बोट मीटिंगमध्ये स्थिर राहत नव्हतं, तिने दगड व्हायचं.

कित्येक महिने ताईच तिचा हात धरून थापा देत होत्या. मग एकदा ताई गिटारवर काहीतरी वाजवत असताना बाजूने आवाज आला. थप, थप. ताई थांबल्या. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. पुन्हा गाणं, पुन्हा दोन थापा, पुन्हा ताई गप्प. त्या दिवशी तिने ताईंना एकही गाणं पुरं करू दिलं नाही. शेवटी ताईंना खोकला आला, तर तिने त्यालाही दोन थापा दिल्या. ताईंनी खोकला गिळला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पोर पहिल्यांदा पोट धरून हसली.

मग ते दोन ठोके खोलीबाहेर पडले. वर्गाच्या बाकावर, बसच्या काचेवर, जेवणाच्या टेबलावर. एका सकाळी तिची आई धापा टाकत शाळेत आली. ती एका सलूनमध्ये केस कापायचं काम करायची. कामाचा एप्रन तसाच अंगावर होता.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. "घरी काही त्रास?"

"त्रास नाही हो." आई खुर्चीच्या कडेवर बसली. "रोज सकाळी मी हिचे केस विंचरते. रोज आरडाओरडा, रोज ओढाताण. मला वाटायचं, हट्ट आहे. काल हिने स्टुलावर दोनदा वाजवलं. मी थांबले. बघते तर कानामागे हा एवढा गुंता, आणि मी तिथेच फणी ओढत होते. गिऱ्हाइकं मला म्हणतात, तुमचा हात किती हलका. आणि माझ्या पोरीचं मी इतकी वर्षं..."

ताई उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आल्या, कारण अशा वेळी काय करायचं हे त्यांना कधीच सुचत नसे.

हे असं सुरळीत चाललेलं असताना बाईसाहेबांची दाढ सुजली. तिने खाणं सोडलं, गाल भिंतीला घासायला लागली, मनगटावर पुन्हा ताजे वण दिसू लागले. दातांच्या डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात, दुरूनच, कसंबसं बघितलं आणि सांगितलं की ही दाढ काढावी लागेल, आणि दुसऱ्या बाजूची किडलीय ती नंतर भरावी लागेल. आईने ताईंना फोन केला, "तुम्ही याल का बरोबर? तुमचं ऐकते ती."

"येते ना. डफ घेऊन येते. गाता गाता नेऊ तिला." ताई तेव्हा किती सहज बोलून गेल्या. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य त्यांना टोचत राहिलं.

त्यांनी आधीचंच एक गाणं घेतलं, बाईसाहेबांच्या सवयीचं. हळू हळू जाऊ या, वळणापाशी येऊ या, वळण आलं, बसू या. एवढंच. 'बसू या' म्हटलं की दोघींनी धपकन खाली बसायचं, ते तिला फार आवडायचं. त्या दिवशी मामाने आपली सामान पोहोचवायची व्हॅन काढली. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, धिप्पाड, भाचीवर जीव टाकणारा. तिला रस्ताभर आरशातून बघत होता. ताई मागे तिच्याजवळ बसून गात होत्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्या ती गाण्याच्या तालावर चढली.

डॉक्टर तरुण होते, उंच, खुर्चीवर वाकून वाकून पाठीला पोक आलेले. ताईंनी त्यांना आधीच समजावलं होतं, तिच्या मांडीवर डफ असेल, दोन थापा म्हणजे पुरे, थांबायचं. त्यांनीही मान्य केलं. आणि ते खरोखर थांबलेही. आरसा आत घातला, दोन थापा, बाहेर काढला. इंजेक्शनच्या वेळीसुद्धा तिने एकदा थांबवलं आणि मग घेऊ दिलं. आई दाराशी उभी राहून ओठ चावत होती, तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

दाढ निघताना मात्र तुटली. वरचा भाग हातात आला, मूळ आत राहिलं. बधिर केलेल्या जागेच्या खाली कुठेतरी कळ गेली असावी, कारण बाईसाहेब ताठ झाल्या आणि डफावर दोन थापा पडल्या.

डॉक्टर थांबले नाहीत. "आता नाही सोडता येणार," ते हळूच म्हणाले. "अर्धं आत आहे, रक्त येतंय. धरा तिला."

पुन्हा दोन थापा. मामाने तिचे हात धरले. आईने गुडघे धरले. सगळेच म्हणायला लागले, झालंच, झालंच बाळा, आता झालंच. आणि ताईंनी काय केलं, तर त्यांनी गाणं म्हटलं. हळू हळू जाऊ या. वळण आलं, बसू या. डॉक्टरांचं झालं नव्हतं. ताईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वळण आलं, पुन्हा झालं नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने. हात धरलेले होते म्हणून ती पोर टाचेने खुर्चीच्या पत्र्यावर वाजवत होती. दोन. दोन. दोन. ताईंना ते स्पष्ट ऐकू येत होतं, आणि त्या गात होत्या.

"संपलं," डॉक्टर म्हणाले. "शूर मुलगी आहे."

बाईसाहेबांनी कुणाकडे पाहिलं नाही. व्हॅनमध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन, जाकीट डोक्यावरून ओढून बसली. ताईंनी डफ तिच्याकडे सरकवला, तर तिने तो पायाने दूर लोटला.

त्यानंतरच्या दिवसांत ताईंना काही सुचेनासं झालं. ती पोर ठरल्या वेळी खोलीत यायची, गालिच्याकडे तोंड करून बसायची. ताईंनी गिटार काढली, ड्रम काढला, नवी गाणी रचली, जुनी आळवली, खुळखुळे तिच्या पाठीमागे हळूच ठेवून पाहिले. एक फसलं की दुसरं, दुसरं फसलं की तिसरं, मध्ये श्वासाला जागा नाही. ती नुसती आणखी आणखी भिंतीत शिरत होती. मनगटाला पट्टी आली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वेळ द्या." ताईंना घरी आल्यावर वेळच खायला उठायचा. त्या भांडी घासायला घ्यायच्या आणि अर्धी टाकून कपाट आवरायला लागायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं, "दाढ काढायलाच हवी होती ना?" "हो." "मग?" "मग काही नाही," असं म्हणून ताई गच्चीवर फेऱ्या मारायला गेल्या.

आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "ताई, ती आता विंचरताना गप्प बसते."

"म्हणजे बरं आहे की."

"बरं नाही. डोळ्यांतून पाणी येतं, पण स्टुलाला हात लावत नाही. मी विचारते, दुखतंय का गं, थांबू का? बघतसुद्धा नाही. पूर्वी निदान ओरडायची तरी."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब खोलीत आल्या तेव्हा ताईंनी काहीच वाजवायला घेतलं नाही. त्या खाली जमिनीवर तिच्या बाजूला बसल्या, भिंतीकडे तोंड करून. काय बोलायचं ते पाठ केलेलं नव्हतं.

"तू पुरे म्हणालीस," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं नाही. मी ऐकलं आणि तरी थांबले नाही. वर गात बसले. डॉक्टरांना तेव्हा थांबता येत नव्हतं, पण ते तुला कुणीच सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. माझं चुकलं."

त्यांचा गुडघा हलायला लागला, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाहेर शिपाई बादली ओढत गेला. कुठल्यातरी वर्गात बाक सरकले. ताईंना वाटत होतं, एखादी ओळ तरी गुणगुणावी, काहीतरी करावं. त्यांनी केलं नाही.

बऱ्याच वेळाने बाईसाहेब उठल्या. तिने ताईंचं मनगट पकडलं, त्यांना ओढत खिडकीजवळच्या खुर्चीपाशी नेलं आणि बसवलं. कपाळावर हात ठेवून त्यांचं डोकं मागे दाबलं. मग कोपऱ्यातून डफ आणला, ताईंच्या मांडीवर ठेवला, झायलोफोनची काडी हातात घेतली आणि हनुवटी खाली ओढून त्यांचं तोंड उघडलं.

ताईंच्या अंगावर काटा आला. काडी दाढांवरून फिरत होती, जोरात नव्हे, पण आत, अगदी आत. त्यांनी डफावर दोन थापा दिल्या.

ती थांबली नाही. ती गुणगुणायला लागली. नाकातून, शब्दांवाचून, पण चाल ओळखीचीच होती. हळू हळू जाऊ या. ताईंना उबळ आली. त्यांनी पुन्हा दोन थापा दिल्या. वळणापाशी चाल आली, 'बसू या'पाशी उतरली, संपली. ताईंना वाटलं, आता सोडेल. पण काडी बाहेर आली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा संपलं, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी 'बसू या' आलं की ताईंचं अंग सुटण्याच्या बेतात यायचं आणि प्रत्येक वेळी फसायचं. दुखत तर काहीच नव्हतं, तरी त्यांना घाम फुटला. संपणार म्हणून सांगणारं गाणं संपतच नाही, यासारखी दुसरी फसवणूक नाही, हे त्यांना खुर्चीत मान मागे टाकून बसल्यावर कळलं.

शेवटी तिने काडी काढली, ती खुर्चीच्या कडेला पुसली आणि ताईंच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"कळलं," ताई म्हणाल्या. जबडा अवघडला होता. "अगदी सगळं कळलं."

संध्याकाळी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, मला त्या खुर्चीत बसवा. डॉक्टर गोंधळले, पण त्यांनी बसवलं, आणि सवयीने आतही बघितलं. "तुमच्याही दोन दाढा किडल्यात."

"त्यांचं नंतर बघू. आधी तिची भरायचीय. माझ्या अटी आहेत." ताई खुर्चीतूनच सांगायला लागल्या. "गाणं चालू आहे तोवरच तुमचा हात आत. 'बसू या' आलं की हात बाहेर. तुमचं झालेलं असो, नसो. परत सुरू करायचं ते तिने डफावर तीन दिल्यावर."

"आणि मध्येच सोडता येण्यासारखं नसेल तर?"

"तर सांगायचं. ऐकलं म्हणायचं, का थांबत नाही ते म्हणायचं, किती राहिलंय ते म्हणायचं. झालंच झालंच असं खोटं बोलायचं नाही. कुणी धरायचंही नाही."

डॉक्टरांनी मान चोळली. "वेळ फार लागेल."

"लागू दे."

"बरं," ते म्हणाले. "त्या दिवसानंतर मलाही काही ते बरं वाटत नव्हतं. शूर मुलगी वगैरे म्हणून बसलो."

आईला हे पटवायला मात्र ताईंना सलूनच्या मागच्या दाराशी बराच वेळ उभं राहावं लागलं. "परत तिथे?" आई म्हणत होती. "आत्ता कुठे ती खायला लागलीय." शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर, की पोर पायऱ्यांवरूनच परत फिरली तर तिला कुणी काही म्हणणार नाही. शाळेत ताईंनी रोज खुर्चीचा खेळ खेळून घेतला. कधी बाईसाहेब डॉक्टर, कधी ताई. पहिल्या दिवशी ताईंच्या हातातली काडी तिने ओठांपर्यंतसुद्धा येऊ दिली नाही. डफाला तिने पुन्हा हात लावला, पण पूर्वीसारखा बिनघोर नाही. थाप दिली की ताई खरंच थांबतात का, हे ती डोळे बारीक करून तपासायची.

दाढ भरायच्या दिवशी पायऱ्यांपाशी ती बराच वेळ थांबली. मामा व्हॅनपाशीच राहिला. त्याचं त्यानेच ठरवलं होतं. "मला बघून घाबरेल," तो म्हणाला, आणि चाकाला लाथा मारत उभा राहिला. शेवटी ती चढली. आज गाणं वगैरे नव्हतं, आपली आपण चढली.

खुर्चीत पहिल्या ओळीलाच दोन थापा. डॉक्टरांनी हात वर केले. पुन्हा सुरू, पुन्हा दोन थापा. बाहेर बसलेले पेशंट घसा साफ करू लागले. ताई गात होत्या, थांबत होत्या. एकदा गाणं पुरं झालं, 'बसू या' आलं, आणि डॉक्टरांनी काम अर्धं सोडून हात बाहेर काढला. बाईसाहेबांनी त्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग डफावर तीन थापा. आईने भिंतीला टेकून डोळे मिटले.

असं करत करत कीड कोरून झाली. मग दाढेत भरायचं ते भरलं, आणि ते घट्ट व्हावं म्हणून डॉक्टरांनी निळ्या उजेडाची नळी आत धरली. ती धरली आणि दोन थापा पडल्या.

ताई तत्काळ गप्प झाल्या.

"ऐकलं," डॉक्टर म्हणाले. "तू पुरे म्हणालीस, मी ऐकलं. आता सोडलं तर हे ओलं राहील आणि पुन्हा सगळं करावं लागेल. तुझं एक गाणं होईल एवढं राहिलंय. त्याहून जास्त नाही."

खोलीत यंत्राची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. ताईंच्या जिभेवर गाणं येऊन बसलं होतं. आता म्हटलं तर तिला आधार होईल, असं मन सांगत होतं. तिने पुरे म्हटलंय, असंही सांगत होतं. त्यांनी दोन्ही पाय जमिनीत रोवले. बाईसाहेबांचा एक हात डॉक्टरांच्या बाहीकडे गेला आणि तिने ती अशी मुठीत धरली की शिवण उसवल्याचा आवाज आला. दुसरा हात तोंडाकडे निघाला, मनगट वर, आणि मध्येच थांबला.

तिने स्वतःच सुरू केलं. उघड्या तोंडाने, नळीच्या बाजूने, घशातून, वेडंवाकडं. हळू हळू जाऊ या. मध्ये आवाज फाटला, तिने तो सावरला नाही, तसाच पुढे नेला. वळणापाशी तिने जरा रेंगाळून घेतलं, श्वास घेतला, मग उतरली. गाणं संपलं. डॉक्टरांनी नळी काढली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शूर म्हणालं नाही. डॉक्टर आपली फाटकी बाही बघत म्हणाले, "झालं. आता खरंच झालं." ती खुर्चीतून उतरली, आरशात तोंड उघडून तिने ती दाढ स्वतः बघितली, जिभेने चाचपली, आणि दाराकडे निघाली.

खाली मामा उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला वळसा घालून मागच्या दाराने व्हॅनमध्ये शिरली. मामाचा चेहरा उतरला.

"अजून राग आहे," तो म्हणाला.

"असू दे की दादा," आई म्हणाली. "तिचा आहे. जाईल तेव्हा जाईल."

परतताना व्हॅनमध्ये आईने पुढून मागे वळून ताईंना हळूच विचारलं, "आता पहिल्यासारखी होईल ना ती तुमच्याशी?"

ताईंनी खरं तेच सांगितलं. "पहिल्यासारखी नाही होणार. थोडा भरवसा दिलाय परत, थोडा राखून ठेवलाय. आणि तिचं बरोबरच आहे."

आईने मान हलवली आणि ती समोर रस्त्याकडे बघू लागली. शाळेच्या फाटकाशी ताई उतरल्या. खोलीत पुढचा विद्यार्थी केव्हाचा येऊन बसला असणार, ड्रमचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता, रागावलेला, एकसारखा. ताई घाईघाईने आत गेल्या.